एक्कावन्नावी पुंगळी

पिशवीत सेहेचाळीस, टेबलावर एक, फरशीवर तीन आणि मॉरीनच्या कॉलरमध्ये एक. एकूण एक्कावन्न रिकाम्या पुंगळ्या. शशिधरकाकांनी झाडलेल्या गोळ्या मात्र पन्नास.

शाल्मलीने पुंगळ्या ट्रेमध्ये दहा-दहाच्या ओळींत लावल्या आणि पुन्हा मोजल्या. पाच ओळी भरल्या आणि एक उरली. तिने ती उरलेली उचलून पाहिली. बाकीच्यांसारखीच होती, पेन्सिलीहून थोडी बारीक, पितळी, तोंडाशी काळवंडलेली.

"मॉरीन, ही तुमची तर नाही ना?"

मॉरीन शेजारच्या टेबलावर बसायची. तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेली बाई. मान चोळत तिने आपला लाकडी ठोकळा पुढे सरकवला. त्याला पन्नास भोकं होती आणि प्रत्येक भोकात एक रिकामी पुंगळी उभी होती. तिची रायफल जुन्या पद्धतीची, प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागे ओढायची. बोल्ट ओढला की पुंगळी हळूच बाहेर येते, ती उचलायची आणि भोकात ठेवायची.

"माझ्या पन्नास इथे आहेत, लव्ह," मॉरीन म्हणाली. "आणि माझी पुंगळी माझ्याच मानेत कशी जाईल? ती गरम होती. तुझ्या अंकलची होती."

क्लबचा सेक्रेटरी डेरेक, जन्मभर पोस्टात हिशेब केलेला माणूस, चहाचा मग घेऊन मागे उभा होता. "पन्नास आत गेल्या आणि एक्कावन्न बाहेर आल्या?" तो म्हणाला. "शश, तुझी रायफल अंडी घालायला लागली की काय?"

शशिधरकाका हसले, पण थोडं उशिरा. ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि रायफल तिच्या पेटीत ठेवू लागले.

दोन हजार सहाचा नोव्हेंबर होता. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या एका टोकाला, सहा राउंडअबाउट ओलांडून गेल्यावर गोदामांची एक वसाहत लागते. तिथल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये ही नेमबाजीची रेंज होती. पाच टेबलं, पाच लेन आणि पंचवीस यार्डांवर कागदी लक्ष्यं. शशिधरकाका इथे एकवीस वर्षं येत होते. हॉस्पिटलात ते भूलतज्ज्ञ होते. निवृत्तीनंतर आठवड्याचा एकच वार त्यांना वार वाटायचा, तो म्हणजे रविवार. पण उजव्या अंगठ्याचा सांधा झिजला आणि पन्नास वेळा बोल्ट ओढणं जमेना. मार्चमध्ये त्यांनी जुनी रायफल विकली आणि सेमी-ऑटोमॅटिक घेतली. तिचा बोल्ट गोळीच्या धक्क्यानेच मागे जातो, रिकामी पुंगळी उजवीकडे भिरकावतो आणि पुढची गोळी स्वतःच भरतो. अंगठ्याला काही काम नाही.

अडचण त्या भिरकावण्याची होती. उजवीकडे मॉरीन बसायची. काकांना उजव्या टोकाच्या लेनमध्ये बसवून पाहिलं, तर पुंगळ्या विटांच्या भिंतीवर आपटून त्यांच्याच डोक्यावरून परत आल्या, आणि एक डेरेकच्या चहात पडली. मग कमिटीने नोटीस लावली: डिसेंबरच्या बैठकीपर्यंत पुंगळ्या लेनच्या पिवळ्या रेषेच्या आत राहतात असं सिद्ध करावं, नाहीतर या शेडमध्ये सेमी-ऑटोमॅटिक बंद. कमिटीचं काही चुकलं नव्हतं. पण काकांना दुसरी रायफल चालवता येत नव्हती आणि दुसरी रेंज जवळपास नव्हती. बंद म्हणजे कायमचं बंद.

शाल्मली काकांच्या मित्राची मुलगी, इंग्लंडमध्येच वाढलेली, मराठीत लिंगं चुकणारी. लेस्टरहून फिजिक्सची डिग्री घेऊन आली होती आणि सप्टेंबरपासून प्लॅस्टिकचे तुकडे ताणून तोडणाऱ्या एका लॅबमध्ये नोकरी करत होती. काकांना रविवारी गाडीने आणता-आणता तीही क्लबची प्रोबेशनर, म्हणजे उमेदवार सदस्य, झाली होती. नोटीस वाचून तिला आनंदच झाला होता. हा तर मोजण्याचा प्रश्न, आणि मोजणं तिला येत होतं.

तिने संत्र्यांच्या नायलॉनच्या जाळीची पिशवी तारेच्या चौकटीवर घट्ट ताणून बसवली आणि कॅमेऱ्याच्या स्टँडवर रायफलीच्या उजवीकडे उभी केली. पहिले दोन रविवार मॉरीन बहिणीकडे गेली होती. दोन्ही वेळा हिशेब चोख लागला: पन्नास गोळ्या, पन्नास पुंगळ्या, काही पिशवीत, काही काकांच्याच टेबलाखाली, सगळ्या रेषेच्या आत. शाल्मलीने तक्ता काढून डेरेकला दिला. खाली लिहिलं, 'रेषेबाहेर: शून्य.' डेरेकने तो नोटीस बोर्डावर लावलाही.

आणि तिसऱ्या रविवारी मॉरीन परत आली.

गाडीत बसल्यावर शाल्मली म्हणाली, "काका, गोळ्या तुम्ही किती भरले होते?"

"नवीन डबी फोडली ना तुझ्यासमोर? पन्नास. पाच मॅगझिनं, दहा-दहाची."

"मग एक जास्त कसा येतो?"

"जुनी एखादी पडलेली असेल गं कोपऱ्यात."

"मी आधी झाडू मारला होता."

"झाडू मारून सगळं निघतं असं तुझी आई पण समजते," काका म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

जुनी पुंगळी, हे एक शक्य कारण होतं. शाल्मलीने वहीत लिहून घेतलं. डबीत कंपनीने एक जास्त घातली असेल, हे दुसरं. पण मग मॅगझिनं भरताना ती उरली असती. मॉरीनची मोजणी चुकली, हे तिसरं. पण भोकं पन्नासच होती. चौथ्या ओळीवर ती थांबली. चौथं काही सुचेना. वस्तू कमी होणं तिला समजत होतं, वस्तू हरवतात. जास्त होणं समजत नव्हतं. रात्रभर काही तिला त्याने छळलं नाही, पण सोमवारी लॅबमध्ये नमुन्यांची संख्या तिने तीनदा तपासली, आणि तिच्या बॉसने विचारलं, बरं आहे ना सगळं?

पुढच्या रविवारी ती अर्धा तास आधी गेली. फरशी व्हॅक्यूमने साफ केली, टेबलाचे कप्पे उघडून पाहिले, हीटरवरून हात फिरवला. डबी फोडल्यावर गोळ्या स्वतः मोजल्या. पन्नास. काकांनी झाडल्या. काका नेहमीप्रमाणे खाली वाकून फरशीवरच्या पुंगळ्या गोळा करू लागले.

"राहू दे काका, मी करते."

"नाही नाही, तू पिशवी बघ. माझं पाडलेलं मी उचलतो."

पिशवीत त्रेचाळीस, टेबलावर एक, काकांनी आणून दिल्या सहा. बरोबर पन्नास. शाल्मलीने सुटकेचा श्वास टाकला. तेवढ्यात मॉरीनने बाही झटकली आणि एक पुंगळी टणकन फरशीवर पडली. दुसरी तिच्या खुर्चीखाली सापडली.

बावन्न.

"आज जुळी झाली," डेरेक म्हणाला. पण या वेळी तो हसत नव्हता. तो नोटीस बोर्डापाशी गेला आणि तिचा तक्ता पाहत राहिला. "लव्ह, तुझ्या कागदावर शून्य लिहिलंय. मॉरीनच्या बाहीत एक होती. मी कमिटीला काय सांगू?"

शाल्मलीने वही उघडली. पिशवी आणि फरशी मिळून पन्नास, म्हणजे बाहेर काहीच गेलं नाही. बाहेर दोन गेल्या, म्हणजे आत अठ्ठेचाळीसच हव्यात. दोन्ही तिने आपल्या डोळ्यांनी मोजलं होतं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नव्हतं. तिने बावन्नही पुंगळ्या एका जॅमच्या बाटलीत भरल्या आणि घरी नेल्या.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ती लॅबच्या मायक्रोस्कोपखाली एकेक ठेवत गेली. रायफलीची पिन पुंगळीच्या बुडाला, अगदी कडेवर टोचते आणि तिथे एक ठसा उरतो. प्रत्येक रायफलीचा ठसा वेगळा असतो, हे तिला माहीत नव्हतं. ते तिथेच, सँडविच खाता खाता, कळलं. अठ्ठेचाळीस पुंगळ्यांवर चौकोनी ठसा होता. चार पुंगळ्यांवर गोल.

तिने सँडविच खाली ठेवलं.

चार परक्या. म्हणजे काकांच्या रायफलीच्या अठ्ठेचाळीसच मिळाल्या होत्या, आणि जास्त काही झालंच नव्हतं; उलट दोन हरवल्या होत्या. ती दोन रविवार उलट्या दिशेने गोंधळली होती. पण आता नवा गोंधळ सुरू झाला. साफ केलेल्या फरशीवर परक्या रायफलीच्या चार पुंगळ्या आल्या कुठून? मॉरीनच्या ठशाशी ताडायला मॉरीनची एक पुंगळी हवी होती. संध्याकाळी ती मॉरीनकडे जाऊन घेऊनही आली. तो ठसा लांबट, तांदळाच्या दाण्यासारखा निघाला. गोल नाही.

मंगळवारी कामावरून सुटल्यावर ती काकांकडे गेली. काका फिरायला गेले होते. सुप्रभाकाकू स्वयंपाकघरात होत्या. ओट्यावरच्या कपाटाच्या मुठीला पातळ कापडात बांधलेला चक्का टांगला होता आणि खाली पातेल्यात पाणी ठिबकत होतं.

"ये गं. आज इकडे कशी? श्रीखंडाचा वास लागला वाटतं."

"काकू, मला एक विचारायचा आहे. काकांचा जुना रायफलचा काही आहे का घरात?"

"विचारायचं आहे. जुन्या रायफलीचं," काकूंनी सवयीने दुरुस्त केलं. "रायफल विकली ती. आणि दुसरं काय असणार? हे आहे." त्यांनी वॉशिंग मशीनच्या वरच्या फळीवरून लोणच्याची एक रिकामी बरणी काढली. आत अर्ध्यापर्यंत पुंगळ्या भरल्या होत्या. "एकवीस वर्षं काढतेय मी या मशीनमधून. ह्यांच्या जॅकेटच्या खिशात दहा-बारा असतातच. काढायला विसरले की आत खडखड, खडखड. नवीन मशीनचा ड्रम घासला त्याच्याने. मी म्हटलं, टाकून देऊ? तर म्हणतात, नको, असू दे, उपयोगी पडतात. कसला उपयोग, मला सांग!"

शाल्मलीने एक पुंगळी उजेडात धरली. मग खिशातलं भिंग काढलं. गोल. दुसरी काढली. गोल. तिसरी.

दार वाजलं. काका आत आले, बूट काढता काढता त्यांनी बरणी पाहिली, भिंग पाहिलं, आणि एक बूट हातात घेऊन तसेच उभे राहिले.

"काका," शाल्मली म्हणाली, "हे तुम्ही टाकता?"

"काय टाकतात?" काकूंनी विचारलं.

काकांनी बूट खाली ठेवला. "टाकत नाही," ते म्हणाले. "पुरे करतो."

"म्हणजे?"

काका खुर्चीवर बसले. "सांगलीला एन.सी.सी.त होतो. अठ्ठावन्न साल. रिकाम्या पुंगळीला खोका म्हणायचे. जितक्या गोळ्या दिल्या तितके खोके परत मोजून द्यायचे, तेव्हा सुट्टी. एकदा माझा एक खोका गवतात हरवला. हवालदाराने चाळीस पोरांना गुडघ्यावर बसवून सगळं मैदान विंचरायला लावलं, अंधार पडेपर्यंत. चाळीसच्या चाळीस माझ्याकडे बघत होते. त्यानंतर आम्ही सगळेच खिशात एखाद-दुसरा जादा ठेवायचो. कमी पडला की हळूच ढिगात. हवालदारालाही माहीत होतं. त्याने स्वतःच मला पहिला दिला होता."

"पण इथे कोणी मागत नाही काका!"

"मागत नाही. इतकी वर्षं जुन्या रायफलीचा खोका माझ्या हाताखालीच पडायचा, कधी कमी पडलाच नाही. आता तू मोजायला बसलीस. तू पिशवीतल्या मोठ्याने मोजायचीस; खाली वाकलो की मला कळायचं, सेहेचाळीसच होतात. हात आपोआप खिशात जायचा. गंमत सांगू? पहिल्या वेळी माझ्या लक्षातही आलं नाही."

"आणि दुसऱ्या वेळी?"

काकू चमचा हातात धरून उभ्या होत्या. "अहो, ती पोरगी चार आठवडे त्या आकड्यांच्या मागे वेडी झालीय, आणि तुम्ही..."

"मी खोटं बोललो नाही गं," काका शाल्मलीला म्हणाले. "तुझे पन्नास व्हावेत म्हणून केलं. पन्नासला पन्नास झाले तर कोणाचं काय जातं? कमिटीला कागद हवा, कागद झाला."

शाल्मलीला राग यायला हवा होता, पण आधी काय यावं तेच तिला कळेना. "काका, मी पिशवी सुधारलीच नाही," ती म्हणाली. "मला वाटलं, ती सगळं पकडते. नंबर चांगला होता म्हणून मी तिला हातच लावला नाही. आणि मॉरीनच्या मानेवर डाग पडलाय. तुम्ही बघितला आहे."

तो डाग काकांनी पाहिला होता. त्या रविवारी त्यांनीच मॉरीनला गार पाण्याचा रुमाल मानेवर ठेवायला सांगितलं होतं. अंगठ्याचा सांधा चोळत ते उठले आणि फोनपाशी गेले.

"डेरेक? शशिधर. त्या तक्त्यातला आकडा खरा नाही. नाही, मुलीची चूक नाही. तिला मोजायला दिलं ते मी बिघडवलं." पुढे ते बराच वेळ गवताच्या मैदानाविषयी बोलत होते. शेवटी ते म्हणाले, "हो. समजलं," आणि फोन ठेवला.

"काय म्हणाला?" काकूंनी विचारलं.

"रविवारी शंभर गोळ्या. डेरेक स्वतः मोजणार, मी टेबलावरून हलायचं नाही. एक जरी रेषेपलीकडे गेली तर बैठकीला थांबायचं नाही, त्याच दिवशी बंद." ते परत खुर्चीवर बसले. "आणि म्हणाला, तुमचा हवालदार पोस्टात असता तर फार वर गेला असता."

बाहेर जाणाऱ्या पुंगळ्या नेमक्या किती, हे आता शाल्मलीला कळलं होतं: पन्नासात चार. का जातात, ते कळत नव्हतं. पिशवीचं तोंड मोठं होतं. पुंगळी आत जाताना तिने पाहिली होती. तिने गाडीतून पिशवी आणली, रबरबँडने एक पुंगळी त्या ताणलेल्या जाळीवर उडवली. पुंगळी जाळीला लागली आणि उसळून चौकटीवरून पलीकडच्या पातेल्याला टण्णकन आदळली. तिने फुटपट्टी घेतली. दहा वेळा उडवलं. उसळण्याचं सरासरी अंतर सत्तर सेंटिमीटर.

"अगं, खाट विणलीय का ती?" काकू म्हणाल्या. "इतकी ताणल्यावर उडणारच."

"पण ताणलं नाही तर ती लोंबते, काकू. नीट दिसत नाही."

"नीट दिसायला काय, मुलगी दाखवायचीय? लोंबू दे की. चक्का कसा टांगतात? तसं टांग." काकूंनी कपाटातून धुतलेलं, घडी घातलेलं एक पातळ सुती फडकं काढलं. "हे घे. आणि परत आणू नकोस, बारूद लागलेल्यात मी चक्का बांधणार नाही."

शाल्मलीने फडकं चौकटीवर सैल, पोट सुटल्यासारखं सोडलं. पुंगळी उडवली. फडकं मागे गेलं, पुंगळी त्यात घसरली आणि तळाशी जाऊन बसली. दहा वेळा. सरासरी अंतर चार सेंटिमीटर.

"बघ," काकू म्हणाल्या आणि पातेल्यातलं पाणी ओतून द्यायला वळल्या.

निघताना शाल्मलीने जॅमच्या बाटलीतल्या त्या चार पुंगळ्या काकांच्या हातावर ठेवल्या. काकांनी त्या पाहिल्या, आणि जॅकेटच्या खिशात टाकल्या.

रविवारी शेडमध्ये नेहमीपेक्षा जास्त माणसं होती; सगळ्यांना काहीतरी काम निघालं होतं. डेरेकने पिवळ्या रेषेवर नवी टेप लावली, फरशी झाडली, गोळ्या स्वतः मोजल्या. मॉरीन आपल्या खुर्चीवर येऊन बसली, कॉलर मुद्दाम उघडी ठेवून.

"मी हलणार नाही," ती काकांना म्हणाली. "पण लागली तर ओरडणार आहे, शश. मोठ्याने."

"ओरड. माझ्या भुलेखालीही लोक ओरडायचे," काका म्हणाले.

दहा मॅगझिनं. प्रत्येक गोळीला फडकं मागे डुलायचं आणि परत यायचं. मॉरीन समोर बघत राहिली. शंभरावी गोळी झाल्यावर काकांनी बोल्ट उघडा ठेवला, दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि डेरेकने फडकं ट्रेमध्ये उलटं केलं.

सत्त्याण्णव. टेबलावर दोन. फरशीवर काही नाही. डेरेकने मॉरीनला उभं केलं, तिची कॉलर झटकली, बाह्या झटकल्या, खुर्ची उलटी केली. काही नाही. हीटरखाली टॉर्च मारला. काही नाही.

"नव्याण्णव," डेरेक म्हणाला. "एक कुठेय?"

शाल्मली पुन्हा ट्रेवर वाकली. गोळ्या शंभर होत्या. तिनेही मोजल्या होत्या. पुंगळी रेषेपलीकडे गेली असेल तर सापडायला हवी होती. आत असेल तरीही. तिने काकांकडे पाहिलं. काकांचा उजवा हात टेबलावरून उठला, जॅकेटच्या खिशाजवळ गेला, तिथे थांबला, आणि परत टेबलावर आला. ते डोळे मिटून बसले.

"काका, उठू नका," शाल्मली म्हणाली. "तुमची रायफल उचलू का?"

तिने रायफल रिकामी आहे हे पाहिलं, डेरेकनेही पाहिलं, आणि ती बाजूला ठेवली. खाली रायफलीला टेकण देणारी वाळूची पिशवी होती, मधोमध दबून तिला घडी पडलेली. शाल्मलीने ती घडी बोटांनी उघडली.

मग तिने शंभर पुंगळ्या एका ओळीत लावल्या, भिंग काढलं, प्रत्येकीचं बूड पाहिलं आणि डेरेकच्या समोर वहीत लिहिलं:

झाडलेल्या गोळ्या शंभर. फडक्यात सत्त्याण्णव, टेबलावर दोन, वाळूच्या पिशवीच्या घडीत एक. सगळ्यांवर चौकोनी ठसा. पिवळ्या रेषेपलीकडे शून्य. शशिधरकाकांच्या खिशात चार, गोल ठशाच्या.